तांब्याच्या पत्र्यावरची पोरं

"पाय रोव गड्या आधी, पाठ ठेव ताठ,
घाईनं उचललं ओझं, त्यानं दावली खाट."

चाळीस वर्षांपूर्वी कानात शिरलेला हा आवाज वजनबाईंच्या कानातून पुन्हा बाहेर पडलाच नाही. आवाज त्यांच्या बापाचा. बाप गोदामात पोती उचलायचा आणि दर पोत्याआधी ही ओळ गुणगुणायचा. पोत्याला कळावं अशा बेतानं, हळू. बरोबरचे हसायचे. "अरे, पोतं उचलतोयस का त्याला जोजवतोयस?" हसणारे एकेक करून कंबर धरून घरी बसले. बाप एकोणतीस वर्षं उचलत राहिला. जेवणाचा डबा घेऊन दाराशी उभी राहणारी त्याची सात वर्षांची पोर एवढं शिकली, की बळाला रीत असते, आणि रीत सोडली की बळ अंगावर येतं.

ती पोर पुढे व्यायामशास्त्र शिकली आणि एका गोल्फ क्लबात लागली. काम एकच, खेळणाऱ्या मुलांच्या अंगात ताकद आणायची. क्लबाच्या मागच्या अंगाला, गवत कापायच्या यंत्राशेजारी तिची खोली. चार जोड्या डंबेल्स, ताणायचे रबरी पट्टे, एक भरीव जड चेंडू, सहा चटया आणि भिंतीवर प्रत्येक मुलाच्या नावाचा कागद. मुलं तिला 'वजनबाई' म्हणत. पुढे पालकही तेच म्हणू लागले, आणि मग तिलाही ते आपलंच नाव वाटू लागलं.

त्या शनिवारी सकाळी वजनबाईंच्या खोलीत सहा चटया होत्या आणि माणूस एकही नव्हतं.

माणसं सगळी बाहेर, सरावाच्या मैदानावर. आया, बाप, आजोबा, क्लबाचे सेक्रेटरी. ज्यांना पोरंबाळं नाहीत तेसुद्धा टाचा उंच करून उभे. मध्ये हिरवळीवर एक तांब्याचा पत्रा, घासूनपुसून लखलखीत. पत्र्यावर एक बारा वर्षांचं पोर अनवाणी, डोळे मिटून. आणि त्याच्याभोवती फिरणारे तेजोगुरू. पांढरी पँट, पांढरे बूट, पांढरी टोपी, आणि दात त्या सगळ्याला लाजवतील इतके पांढरे.

"ताकद कुठं असते, बाळांनो? स्नायूत? छे छे! स्नायू म्हणजे मांस. मांस बैलाकडेही असतं. बैल गोल्फ खेळतो का?"

"नाही!" पालक एका सुरात ओरडले.

बैल गोल्फ खेळत नाही, याचं इतकं समाधान झालेली गर्दी वजनबाईंनी आजवर पाहिली नव्हती.

"ताकद भूमीत असते! भूमी सेकंदाला साडेसात वेळा स्पंदन पावते. ते स्पंदन तांब्यातून तळव्यात, तळव्यातून मणक्यात, मणक्यातून मनगटात!"

साडेसात कुणी मोजली आणि कशानं मोजली, हे विचारायला कुणाचीच जीभ उचलली नाही. याच मंडळींनी गेल्या आठवड्यात चहा कोमट आला म्हणून उपाहारगृहाच्या माणसाला अर्धा तास उभं आडवं घेतलं होतं. पण चहा ही गंभीर बाब. पोराचा मणका काय, स्पंदनावर सोडता येतो.

मग चमत्कार. पत्र्यावर चढण्याआधी पोरानं मैदानाच्या बादलीतले पाच चेंडू मारले होते. ते एकशे तीस पावलांच्या पाटीपाशी पडले होते. आता गुरूंच्या शिष्यानं पांढऱ्या रेशमात गुंडाळलेली एक जाड झाकणाची पेटी उघडली. आतले चेंडूही दिसायला मैदानाचेच, तोच लाल पट्टा. "चेंडू तुमचेच! फक्त रात्रभर तांब्यात निजवलेत," गुरू म्हणाले. पोरानं काठी फिरवली. चेंडू एकशे पन्नासच्या पाटीवरून गेला. दुसरा गेला. पाचही गेले.

टाळ्या कडाडल्या. एक आजी डोळे पुसू लागली. "वजनबाईंकडे सहा महिने घातले हो," एक आई शेजारणीला म्हणाली, "उठाबशा नि उठाबशा! आणि इथे बघा, पाच मिनिटं!"

नव्यानं आलेल्या पोरांसाठी गुरूंनी हात वर केला. "नियम तीन. एक्केचाळीस दिवस रोज तीनशे चेंडू, पूर्ण जोर लावून. दुसरा, वजनं बंद. वजनानं मुलांची उंची खुंटते, बळ सांध्यात अडकतं. आणि तिसरा," इथे त्यांनी आवाज खाली आणला, कारण खोटं मोठं असलं की ते हळू सांगावं लागतं, "दुखलं खुपलं तर तोंडातून काढायचं नाही. दुखणं म्हणजे जुनी कमजोरी बाहेर पडतेय. बोललात की ती परत आत शिरते. आणि मग जन्मभर जात नाही!"

पोरं एकमेकांकडे बघून मान हलवू लागली. आपल्या दाराच्या चौकटीत उभ्या असलेल्या वजनबाईंना पहिले दोन नियम ऐकून हसू आलं होतं. तिसरा आजवर फक्त पोरांच्या कानात सांगितला जाई; तो त्यांनी आज पहिल्यांदा ऐकला आणि हसू विझलं. कारण त्यांची नजर शेंगेवर होती.

शेंग म्हणजे तेरा वर्षांची एक पोर, उंच, सडपातळ, वाऱ्यानं हलेल अशी. म्हणून तिचं नाव शेंग. आठ महिने ती बाईंच्या खोलीत येत होती. पाय रोवून हलकं वजन उचलायला शिकली, पाठ ताठ ठेवायला शिकली, एक दिवस व्यायाम आणि एक दिवस विसावा हेही शिकली. भिंतीवरच्या तिच्या कागदावरचे आकडे मुंगीच्या पावलानं वर चढत होते. मग तीन आठवड्यांपूर्वी तेजोगुरू आले आणि कागद तिथेच थांबला.

गेले काही दिवस बाई बघत होत्या. चेंडू लाकडी खुंटीवर ठेवायला शेंग आता वाकत नसे, पाठ जराही न झुकवता सरळ उकिडवी बसायची. उठताना हात मांडीवर रेटायची. काठी फिरवून झाली की सगळ्यांचे डोळे चेंडूमागे जात. बाईंचे डोळे तिच्या ओठांकडे. ओठ आत ओढलेले असत.

सोमवारी बाईंनी तिला पाण्याच्या नळापाशी गाठलं.

"शेंगे, कंबर दुखते का गं?"

"नाही बाई."

"मागे झुकून दाखव बरं जरा."

"मला उशीर होतोय बाई. अजून शंभर मारायचेत." आणि ती गेली, पाण्याची बाटली तशीच रिकामी घेऊन.

बाई तडक तिच्या वडिलांच्या दुकानात गेल्या. वडिलांचं चष्म्यांचं दुकान. साऱ्या गावाला ते दृष्टी पुरवीत. त्या वेळी एका गिऱ्हाईकाला ते भिंतीवरची बारीक अक्षरं वाचायला लावत होते.

"चष्मेवाले, पोरीची कंबर दुखतेय. वाढत्या वयात रोज तीनशे वेळा तोच मणका पिळला तर हाडाला बारीक चीर जाते. डॉक्टरांना दाखवा. तोवर चेंडू बंद करा."

"ती म्हणाली असं?"

"म्हणाली नाही. तिला बोलायची बंदी आहे ना!"

चष्मेवाल्यांनी गिऱ्हाईकाच्या नाकावरची चौकट सारखी केली. "बाई, राग मानू नका. तुमची खोली ओस पडली, हे मला कळतं. येत्या रविवारी सेक्रेटरी ती खोली गुरूंना देणार, 'तेजकक्ष' होणार म्हणतात. तुम्हाला ते झोंबणारच. पण म्हणून माझ्या पोरीच्या कमरेत दुखणं शोधू नका. पंधरा दिवसांनी तिची निवड चाचणी आहे. वीस पावलं वाढलीत तिची. वीस! ती मी या डोळ्यांनी पाहिलीत."

"डोळ्यांचंच म्हणते मी," बाई म्हणाल्या आणि पायऱ्या उतरल्या.

आता करायचं काय? जिचं दुखतंय ती बोलत नाही. ज्यानं ऐकायला हवं त्याला बाईंच्या शब्दात खोलीची काळजी ऐकू येते. सांगून उपयोग नव्हता. दाखवायला हवं होतं. आणि दाखवायला हातात काहीच नव्हतं.

ते आणलं चेंडूकाकांनी.

चेंडूकाका मैदानावर तीस वर्षं एकच काम करीत. विखुरलेले चेंडू गोळा करायचे, ब्रशाच्या यंत्रात धुवायचे, फुटके बाजूला काढायचे, उरलेले बादल्यांत भरायचे. गुरुवारी सकाळी ते बाईंच्या दारात आले, हातात एक प्लास्टिकचा टब.

"बाई, पाणी बघा."

पाणी गुलाबी होतं.

"तीस वर्षांत चेंडूंचा लाल पट्टा कधी सुटला नाही," काका म्हणाले. "चेंडू फुटतात, पट्टा जात नाही. कारखान्यातच बसवलेला असतो तो. महिनाभर हे चाललंय. मला आधी वाटलं, साबण बदललाय. काल जे पुसले गेले ते बाजूला काढले. हे अकरा. पट्टा गेल्यावर बघा कसे दिसतात."

अकरा चेंडू, पांढरेस्वच्छ, नवे कोरे, सामन्यात खेळतात तसले.

"आता मैदानाचा चेंडू हातात घ्या," काका म्हणाले. "आपलं मैदान आखूड. पलीकडे रस्ता. म्हणून मैदानाचे चेंडू मुद्दाम मंद बनवलेले मागवतात. त्यात वर्षानुवर्षं मार खाऊन ते आणखी मेलेले. रात्रभर ओल्या टबात गारठलेले. आणि हे कोरे!"

त्यांनी दोन्ही चेंडू छातीच्या उंचीवरून मागच्या सिमेंटच्या पायरीवर सोडले. मैदानाचा चेंडू गुडघ्याशी येऊन दमला. कोरा चेंडू कमरेशी येऊन नाचला.

बाई त्या दोन चेंडूंकडे बघत राहिल्या. मग हसल्या, बऱ्याच दिवसांनी. "काका, तुम्ही हे कुणाला बोललात?"

"मला कोण विचारतंय बाई? तीस वर्षांत माझ्याकडे चेंडू मागितले सगळ्यांनी. चेंडूंबद्दल एकानंही विचारलं नाही."

रविवार उजाडला. गर्दी गेल्या शनिवारच्या दुप्पट. तेजकक्षाची पाटीसुद्धा रंगवून आली होती, भिंतीला टेकून उभी. सेक्रेटरींनी गळा साफ केला. गुरूंनी नेहमीचा हाताचा खेळ करून दाखवला: एका बापाला हात आडवा धरायला लावला, दाबला, खाली गेला. मग पत्र्यावर उभं केलं, दाबला, हात जागचा हलला नाही. "वा!" बाप स्वतःच्याच हाताकडे कौतुकानं बघू लागला, जणू तो आजच मिळालाय.

बाई पुढे झाल्या. "गुरुजी, एक विनंती आहे."

"विचारा बाई, विचारा. अज्ञानाची लाज बाळगू नये."

"नाही बाळगत. म्हणून तर आले. चेंडूकाकांना मारू द्या. पत्र्यावर उभं न राहता. आधी बादलीतले पाच, मग तुमच्या पेटीतले पाच."

गुरूंचे दात क्षणभर झाकले गेले. "पेटीला अपात्र हात लागला, तर तेज जातं."

"असं कसं हो?" चेंडूकाका निरागसपणे म्हणाले. "तुमचे चेंडू महिनाभर याच हातांनी गोळा करतोय की मी. जायचं असतं तर पहिल्याच दिवशी गेलं असतं."

गर्दीत कुणीतरी फसकन हसलं. हसणं हे फार वाईट. एकदा सुटलं की भक्ती विरते. सेक्रेटरी म्हणाले, "होऊ द्या की. आपल्याला काय भीती?"

काकांनी काठी धरली ती सतरंजी झोडपायला धरावी तशी. मारले पाच, बादलीतले. एकशे दहाच्या पाटीच्या अलीकडे टपटप पडले. मग पेटीतले पाच, त्याच झोडपणीनं. पाटी मागे टाकून गेले, पंधरा-सोळा पावलं पुढे.

लोकांनी पुन्हा टाचा उंच केल्या.

"पाहिलंत?" गुरूंनी हात पसरले. "भूमी जागी झालीय! आता पत्र्याचीही गरज उरली नाही! तेज साऱ्या मैदानात पसरलंय!"

"हो का?" बाई म्हणाल्या. "काका, मग बादलीतले आणखी पाच मारा बरं."

काकांनी मारले. एकशे दहाच्या अलीकडे, टपटप. साऱ्या मैदानात पसरलेल्या तेजाला बादलीचा रस्ता काही सापडला नव्हता.

मग बाईंनी जास्त वेळ घेतला नाही. पेटीतला एक चेंडू साबणाच्या पाण्यात घातला, खरखरीत ब्रशानं घासला. लाल पट्टा बोटांना लागून आला. बादलीतला घासला, पट्टा ढिम्म. दोन्ही छातीवरून सिमेंटवर सोडले. एक गुडघ्यापर्यंत, एक कमरेपर्यंत. पेटीतलं रेशीम उपसलं. खाली शेकायच्या रबरी पिशव्या होत्या, गरम पाण्यानं टम्म फुगलेल्या, कारण उबदार चेंडू गारठलेल्यापेक्षा लांब जातो. तेजोगुरूंच्या तेजाला बूच होतं.

"आणि हात?" ज्याचा हात जागचा हलला नव्हता तो बाप अजून आशेवर होता.

"तुमचा हात पुढे करा." बाईंनी मनगटापाशी दोन बोटं ठेवून दाबलं, हात खाली. मग कोपराजवळ आणि खांद्याकडे दाबलं; हात जागेवर. "दार बिजागरीपाशी ढकलून बघा, हलत नाही. कडेला ढकला, उघडतं. एवढंच. पहिल्या वेळी ते मनगट दाबतात. दुसऱ्या वेळी कोपर."

गुरू म्हणाले, "इथे नकारात्मक लहरी फार आहेत." आणि त्या लहरींपुढे ते असे सुटले, की त्यांचे पांढरे बूट हिरवळीवर घसरले. शिष्य पत्रा काखोटीला मारून मागे धावला. पत्रा वाटेत दोनदा पडला आणि दोन्ही वेळा पातेल्यासारखा वाजला.

आता माणसांनी शरमावं की नाही? छे! माणूस फसला की आधी फसवणाऱ्याची बाजू घेतो, म्हणजे आपली अक्कल वाचते.

"काही म्हणा, मुलांना आत्मविश्वास तरी आला," एक आई म्हणाली.

"खोट्या चेंडूवर आलेला विश्वास खऱ्या चेंडूनं पहिल्याच दिवशी जातो," बाई म्हणाल्या. "ऐका. योग्य वजन, नीट शिकवणारं माणूस आणि मधे विसावा, एवढं असलं तर वजनानं मुलाची उंची खुंटत नाही. बळ येतं, पण महिन्यांनी येतं. पाच मिनिटांत जे येतं ते बळ नसतं, कुणाची तरी हातचलाखी असते. मी सांगते म्हणूनही मानू नका. माझीही परीक्षा घ्या. चेंडू मोजा, अंतर मोजा, चेंडू बदलून पुन्हा मोजा. जो माणूस परीक्षा घेऊ देत नाही, त्याच्या हाती आपलं पोर देऊ नका. आणि दुखलं तर बोलू नको असं जो पोराला सांगतो, त्याला दारातही उभं करू नका."

माना हलल्या. पण माना गेल्या शनिवारीही हलल्या होत्या. गर्दीतून चष्मेवाले पुढे आले, शेंगेचं मनगट धरून. चेहरा लाल.

"चेंडू खोटे असतील," ते म्हणाले. "गुरू खोटा असेल. पण माझ्या पोरीनं महिनाभर रोज तीनशे मारलेत. ती मेहनत खोटी नाही! ताकद वाढलीच आहे तिची. बाळा, हे बादलीतले घे. मैदानाचेच घे. दाखव यांना."

त्यांनी तिच्या हातात काठी दिली. चेंडूकाकांनी एक चेंडू पुढे केला, मग काय वाटलं कोण जाणे, हात मागे घेतला. शेंग काठी धरून उभी राहिली. पाय रोवले. खांदे वळवायला सुरुवात केली आणि अर्ध्यावर थांबली. ओठ आत ओढलेले. सगळे तिच्याकडे बघत होते, आणि या वेळी बघायला चेंडू नव्हता.

"मार ना," वडील हळूच म्हणाले.

शेंगेनं काठी हिरवळीवर आडवी ठेवली. वाकली नाही; उकिडवी बसून ठेवली आणि मांडीवर हात रेटून उठली.

"बाबा, माझी कंबर दुखते," ती म्हणाली. "पहिल्या आठवड्यापासून. सकाळी सगळ्यात जास्त. मला वाटलं, बोलले तर जन्मभर राहील. पायमोजे मला बसून घालता येत नाहीत, बाबा. मी ते निजून घालते."